घरांतील बोलपट

दिवाळीची किंवा नाताळची सुटी जवळ आली म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या दाराशीं एखादे पालक हटकून येऊन उभे राहतात. मुलाच्या गुणांची चौकशी आटोपते, आणि मग जरा संकोचानें ते विचारतात, "सर, घरीं होम थिएटर घ्यावयाचें मनांत आहे. पंधरा-वीस हजार बाजूला ठेवले आहेत. कोणतें घ्यावें ?" पदार्थविज्ञान शिकविणाऱ्या मनुष्यास ध्वनीच्या यंत्रांतलें सारें कळत असावें, असा लोकांचा समज असतो. तो समज किती फोल आहे हें आम्हीं स्वतःच्या खर्चानें सिद्ध करून पाहिलें आहे. तेव्हां प्रथम तीच हकीकत सांगतों.

तीन वर्षांपूर्वीं आम्हीं असा एक संच घेतला. आमचें घर सिडकोच्या वसाहतींत. दिवाणखाना १० फूट रुंद व १२ फूट लांब, खालीं गुळगुळीत फरशी, भिंती मोकळ्या. घरांत आमच्या मातोश्री असतात. त्यांचें वय त्या वेळीं ७४ होतें. जुने मराठी चित्रपट पाहणें हाच त्यांचा संध्याकाळचा विरंगुळा. परंतु टीव्हीचा आवाज त्यांस पुरेनासा झाला होता, म्हणून हा सारा खटाटोप. दुकानांत पांच लहान स्पीकर व सबवूफर नांवाचा एक मोठा ठोकळा मांडून ठेविला होता. खोक्यावर वॉटचा आंकडा हजारांचा होता. विक्रेत्यानें मोटारींच्या पाठलागाचा एक प्रसंग असा दणक्यांत लावला कीं, आमच्या सदऱ्याच्या बाह्या थरथरूं लागल्या. आम्ही भारावून गेलों आणि बारा हप्त्यांच्या कागदावर सही करून मोकळे झालों. त्याच रात्रीं घरीं चित्रपट लावला. दहा मिनिटांनीं मातोश्री उठून आंत गेल्या. कारण विचारतां म्हणाल्या, "आवाज पुष्कळ येतो, बाळ; पण बोलणं कांहीं कळत नाहीं."

हें वाक्य आम्हांस झोंबलें, व त्याचा उलगडा करण्यांत ती सुटी गेली.

वयोमानानें मनुष्याचा कान मंद होतो, तो सर्व स्वरांस सारखाच मंद होत नाहीं. प्रथम उंच कंपनसंख्येचे ध्वनि ऐकूं येईनासे होतात. आपल्या बोलण्यांतील अ, आ, ओ हे स्वर खालच्या कंपनसंख्यांत असतात, आणि बोलण्याचा जोर त्यांतच असतो. उलट स, श, त, थ, क, ख या व्यंजनांची ओळख बरीचशी सेकंदास २,००० कंपनांच्या वरच्या प्रदेशांतून पटते. त्यामुळें वृद्ध माणसास कोणीतरी बोलत आहे हें कळतें, परंतु तो 'सात' म्हणाला कीं 'हात' म्हणाला हें कळत नाहीं. त्यांत सबवूफरचा घुमारा मिसळला म्हणजे उरलींसुरलीं व्यंजनेंही झांकलीं जातात. आवाज वाढवून हा दोष जात नाहीं. घुमाराही त्याच मानानें वाढतो.

टीव्हीचाच आवाज कां पुरत नाहीं, हेंही येथें पाहूं. आमच्या शहरास टीव्हीचें नवल नाहीं. पैठण रस्त्यावर चितेगांव येथें व्हिडिओकॉनच्या कारखान्यांत एके काळीं टीव्ही तयार होत, व या शहरांतील कित्येक कुटुंबांची चूल त्यावर चाले. ती कंपनी २०१८ सालीं दिवाळखोरीच्या न्यायालयीन प्रक्रियेंत गेली. त्या काळच्या जाडजूड टीव्हीच्या पोटांत जागा भरपूर असे आणि पुष्कळांतून स्पीकर प्रेक्षकाकडे तोंड करून बसलेला असे. आजचा टीव्ही बोटभर जाडीचा. त्याचा चिमुकला स्पीकर बहुधा खालीं किंवा मागें तोंड करून असतो, आणि शब्द भिंतीवर आदळून मग आपल्याकडे येतात. चित्र सुधारलें, बोलणें मात्र बिघडलें.

आपल्या भाषेनें या कलेस 'बोलपट' असें नांव दिलें, तें फार समर्पक आहे. १९३१ सालीं 'आलम आरा' हा भारतांतील पहिला बोलपट मुंबईंत लागला, व १९३२ सालीं प्रभात कंपनीचा 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट आला. त्या वेळीं चित्रगृहांत ध्वनीचा मार्ग एकच असे. पडद्यामागून आवाज येई आणि लोक तो कानांत प्राण आणून ऐकत. पुढें मार्ग वाढले. आज खोक्यावर ५.१ असें लिहिलेलें असतें, त्याचा अर्थ इतकाच कीं, पूर्ण ध्वनीचे पांच मार्ग व केवळ खालच्या घुमाऱ्यासाठीं सहावा. पांचांपैकीं तीन पुढें असतात : डावा, उजवा व मधला. उरलेले दोन श्रोत्याच्या बाजूस, किंचित् मागें. त्यांतून पाऊस, गर्दी, वाहनें असले भोंवतालचे आवाज येतात. आणि पात्रांचें बोलणें ? तें बहुतेक सारें मधल्या एका स्पीकरांतून येतें.

आमच्या मतें पहिल्या संचाचा सारा निर्णय या एका गोष्टींत आहे. स्वस्त संचांत हा मधला स्पीकरच सर्वांत हलका असतो. कारण दुकानांत तो कोणी स्वतंत्रपणें ऐकत नाहीं. पैसे मोजके असतील तर मागचे दोन स्पीकर खुशाल सोडून द्यावे. पुढचे तीन मार्ग व एक लहानसा सबवूफर, म्हणजे ज्यास ३.१ म्हणतात तो साउंडबार, किंवा तेंही न परवडल्यास दोनच परंतु चांगले स्पीकर, हे पांच खेळण्यांपेक्षां कितीतरी बरे. दोन स्पीकरांच्या बरोबर मध्यभागीं बसलें असतां बोलणें पडद्यांतूनच आल्यासारखें भासतें. मात्र बाजूस बसणाऱ्यास तो भास होत नाहीं. म्हणून ज्या घरांत पांच-सहा माणसें एकत्र बसतात तेथें मधला स्पीकर असलेला संचच घ्यावा.

आतां वॉटचें प्रकरण. खोक्यावर पीएमपीओ अशीं अक्षरें असतील तर तो आंकडा वाचूंच नये. त्याची सर्वमान्य अशी व्याख्याच नाहीं. प्रत्येकानें आपापल्या परीनें तो फुगवावा. आरएमएस या अक्षरांपुढील आंकडा त्या मानानें भरंवशाचा असतो. याहून सोपी परीक्षा अशी : यंत्राच्या मागच्या पट्टीवर तें वीज किती वॉट घेतें हें लिहिलेलें असतें. जेवढी वीज आंत जाते तिच्याहून अधिक शक्ति बाहेर सतत पडूं शकत नाहीं, हें आमच्या आठवीच्या मुलांसही ठाऊक आहे. आम्हीं घेतलेल्या संचाच्या पट्टीवर ६५ वॉट होते ! हजारांचा आंकडा वाचून सही करणारे आम्ही आणि ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम फळ्यावर लिहिणारेही आम्हीच. शिवाय शक्ति दुप्पट केली तरी ध्वनि अवघा ३ डेसिबलनें वाढतो, व कानास दुप्पट मोठा वाटावयास ती सुमारे दहापट करावी लागते. चांगला स्पीकर एका वॉटमध्यें एक मीटर अंतरावर ८५ ते ९० डेसिबल आवाज देतो. दहा-बारा फुटांच्या खोलींत याहून अधिक कोणास हवें आहे ?

संचाइतकाच खोलीचाही विचार करावा लागतो. आमच्या शाळेची सहल वेरूळास जाते तेव्हां दहाव्या क्रमांकाच्या लेण्यांत, म्हणजे विश्वकर्मा लेण्यांत, मुलें थांबल्यावांचून राहत नाहींत. लांकडी वाशांसारख्या कमानी दगडांत कोरलेलें तें उंच छत, समोर स्तूप व बुद्धाची बैठी मूर्ति. लोक त्यास 'सुतार की झोपडी' म्हणतात. तेथें एकच स्वर लांबवून म्हटला तर तो कितीतरी वेळ भरून राहतो, व ऐकणाऱ्याच्या अंगावर कांटा येतो. परंतु त्याच जागीं आम्ही भराभर माहिती सांगूं लागलों कीं, मागच्या मुलांस एक शब्द धड कळत नाहीं. पहिला शब्द विरण्यापूर्वींच दुसरा त्यावर येऊन पडतो. दगड ध्वनि शोषीत नाहीं, परतवितो. गुळगुळीत फरशी व मोकळ्या भिंती असलेला आपला दिवाणखाना हें त्याचेंच लहान रूप होय.

याचा उपाय एका शिक्षकानेंच शोधून काढला. १८९५ सालीं अमेरिकेंत हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग वस्तुसंग्रहालयांतील नव्या व्याख्यानगृहांत वक्त्याचें बोलणें कोणास कळेना. ध्वनि तेथें सुमारे साडेपांच सेकंद घुमत राही. वॉलेस सॅबिन या तरुण पदार्थविज्ञान-शिक्षकाकडे तें काम आलें. तो रात्रीं जवळच्या नाट्यगृहांतील बैठकींच्या गाद्या वाहून आणी, ऑर्गनच्या नळीचा स्वर काढून तो विरावयास किती वेळ लागतो हें मोजी, आणि गाद्या परत नेऊन ठेवी. गाद्या भरपूर टाकल्या तेव्हां घुमारा एक सेकंदाच्या आसपास आला. त्यांतून निघालेल्या गणिताच्या आधारें पुढें बोस्टनचें सिंफनी हॉल बांधलें गेलें. तें १९०० सालीं उघडलें. आपणांस गाद्या वाहून आणण्याचें कारण नाहीं. जमिनीवर जाड सतरंजी, खिडकीस वजनदार पडदा, आणि समोरच्या भिंतीवर आजीच्या हातची एखादी गोधडी, एवढ्यानें फरक पडतो. आमच्या शहराची हिमरू शाल भिंतीवर कितीही शोभली तरी या कामीं तिचा उपयोग थोडा. पातळ कापड फक्त उंच स्वर शोषतें. जाडी हवी. हा उपाय आम्हीं संच बदलण्यापूर्वीं करून पाहिला, व निम्मी तक्रार तेथेंच मिटली.

स्पीकर ठेवण्याविषयीं थोडेंच सांगतों. डावा-उजवा यांमधील अंतर व त्यांपासून आपल्या बैठकीचें अंतर सारखें असावें. मधला स्पीकर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीच्या जवळ असावा, कपाटाच्या आंत ढकललेला नसावा. सबवूफर मात्र विचारानें ठेवावा. १२ फूट लांबीच्या खोलींत सेकंदास सुमारे ४७ कंपनांच्या ध्वनीची बरोबर अर्धी लाट दोन भिंतींच्या मध्यें मावते. तो ध्वनि भिंतींशीं फुगतो व खोलीच्या मध्यावर जवळजवळ नाहींसा होतो. दुकानाच्या मोठ्या दालनांत ऐकलेला घुमारा घरीं वेगळा लागतो, त्याचें कारण हेंच. कोपऱ्यांत ठेविलेला सबवूफर अधिकच घुमतो.

हा घुमारा भिंत ओलांडून शेजारीं जातो, ही याहून गंभीर गोष्ट. उंच स्वर भिंत अडविते, खालचे फारसे अडवीत नाहीं. आमच्या सामाईक भिंतीपलीकडे त्या वर्षीं दहावीची एक मुलगी अभ्यास करीत होती. तिचे वडील सज्जन. ते कांहीं बोलले नाहींत. एके दिवशीं तिनेंच जिन्यांत विचारलें, "सर, तुमच्याकडे रात्रीं कांहीं कुटतात का ?" त्याच दिवशीं आम्हीं तो ठोकळा सामाईक भिंतीपासून हलविला, त्याखालीं जाड रबर घातलें आणि त्याचा आवाज अगदीं खालच्या खुणेवर आणला. कायद्यासही हें मान्य नाहीं, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणें निवासी भागांत दिवसा ५५ व रात्रीं १० ते सकाळीं ६ पर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. खासगी संचाचा आवाज घराच्या हद्दीवर त्याहून ५ डेसिबलपेक्षां अधिक वर जातां कामा नये. मुलांच्या कानांचाही विचार पालकांनीं करावा. आठवड्यास ४० तास ऐकावयाचें असेल तर प्रौढांस ८० व मुलांस ७५ डेसिबल इतकीच मात्रा जागतिक आरोग्य संघटना सुरक्षित समजते.

टीव्ही व संच जोडतांना दोघांवरही एचडीएमआय एआरसी असें लिहिलेलें भोंक असल्याची खात्री करून घ्यावी; म्हणजे एकाच तारेनें काम भागतें. केबलवरील बहुतेक वाहिन्या दोनच मार्गांचा ध्वनि देतात, तेव्हां पांच मार्गांचा ध्वनि ऐकावयास तसा चित्रपटही लागतो. टीव्हीही त्याच वेळीं घ्यावयाचा असेल तर एवढें लक्षांत ठेवावें कीं, २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला आहे. वांचलेले पैसे पडदा आणखी मोठा करण्यांत न घालतां आवाजाकडे वळवावे, असें आम्ही सुचवूं.

दुसऱ्या खेपेस आम्ही हप्त्यांच्या वाटेस गेलों नाहीं. वर्षभर पैसे सांठविले, आणि निराला बाजारांत गेलों ते मातोश्रींस बरोबर घेऊन. त्यांच्या ओळखीचा नसलेला एक मराठी चित्रपट पेनड्राइव्हमध्यें नेला होता. त्यांस पडद्याकडे पाठ करून बसविलें, म्हणजे ओठांवरून शब्द ओळखावयास नको. आणि प्रत्येक वाक्यानंतर यंत्र थांबवून 'काय म्हणाला' असें विचारलें. विक्रेता प्रथम हंसला, मग त्यासही गोडी वाटूं लागली व तो स्वतःच वाक्यें निवडूं लागला. पहिल्या संचावर त्यांस दहांपैकीं चार वाक्यें कळलीं, दुसऱ्यावर, जो दिसावयास मोठा व किमतीनेंही अधिक होता, तीनच, आणि ३.१ च्या एका साध्या साउंडबारवर आठ. तोच घेतला. बिल जपून ठेविलें, कारण दुरुस्तीच्या हमीसाठीं तें लागतें. शहरांत त्याचें दुरुस्ती-केंद्र आहे कीं नाहीं हेंही आधीं विचारून घेतलें.

जुना ठोकळा आमच्या प्रयोगशाळेंत आहे. तो आडवा ठेवून त्याच्या कागदी पडद्यावर मोहरीचे चार दाणे टाकले म्हणजे ते छान उड्या मारतात, आणि नववीच्या वर्गास कंपन म्हणजे काय हें निराळें सांगावें लागत नाहीं.