पीआरपी : गुडघ्यात स्वतःचेच रक्त

हैदराबादेत बंजारा हिल्स, जुबिली हिल्सच्या खासगी दवाखान्यांत झिजलेल्या गुडघ्यांसाठी ‘पीआरपी’ (प्लेटलेट-रिच प्लाझ्मा) सुचवली जाते. दंडातून काढलेले रक्त यंत्रात वेगाने फिरवतात. तांबड्या पेशी खाली बसतात आणि प्लेटलेट्सनी दाट झालेला पिवळसर द्रव सांध्यात टोचतात. रक्त स्वतःचेच, म्हणून ॲलर्जीची भीती कमी. पण गुण? ऑस्ट्रेलियातील 288 रुग्णांच्या चाचणीत (2021) निम्म्यांना पीआरपी दिली, निम्म्यांना नुसते सलाईन. वर्षभराने दुखणे दोन्हीकडे जवळपास सारखेच उतरले होते! काही लहान चाचण्यांत आराम दिसला खरा. मात्र द्रव बनवण्याची रीत दवाखान्यागणिक बदलते. अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने 2019 मध्येच गुडघ्यासाठी पीआरपी नको म्हटले. ‘कूर्चा पुन्हा वाढते’ या जाहिरातीला तर भुलूच नये.