तांबड्या पेशीची शिदोरी

हिवतापाच्या रोग्याला प्रायमाक्विन द्यावे, ताप उतरू लागावा, आणि दोन-तीन दिवसांत त्याची लघवी काळसर व्हावी, डोळे पिवळे पडावेत, धाप लागावी! बहुतेकांना मानवणारे हे औषध मोजक्या लोकांवरच असे का उलटते, हे कोडे विसाव्या शतकाच्या मध्यास वैद्यकाला पडले होते. त्याचे उत्तर रक्तातील तांबड्या पेशीच्या संसारात सापडले.

हा संसार मोठा काटकसरीचा आहे. तांबडी पेशी पूर्ण परिपक्व होते, तेव्हा तिच्यात केंद्रक नसते आणि प्राणवायूवर चालणारी ऊर्जाकेंद्रेही उरत नाहीत. साऱ्या शरीराला प्राणवायू पोचविणारी ही पेशी स्वतः मात्र त्याचा इंधनासाठी कणभरही उपयोग करीत नाही. ग्लुकोज हेच तिचे अन्न. त्याच्या एका रेणूच्या विघटनातून एटीपी या ऊर्जाद्रव्याचे अवघे 2 रेणू तिच्या पदरी पडतात. त्यांच्यावर ती क्षारांचा तोल राखते आणि आपला लवचिकपणा टिकविते.

ग्लुकोजचा काही अंश दुसऱ्या वाटेने जातो. त्यातून पेशीला मिळते ते संरक्षण. काही औषधांमुळे निर्माण होणाऱ्या दाहक द्रव्यांचा उपद्रव त्यामुळे निवारला जातो. या वाटेचे दार उघडणारे विकर म्हणजे जी-6-पीडी. केंद्रक नसल्यामुळे पेशीला नवी विकरे घडविता येत नाहीत. निघताना बांधून घेतलेली शिदोरीच तिला सुमारे 120 दिवस पुरवावी लागते.

दोष औषधात, शरीरात की पेशीत? अमेरिकेत इलिनॉय राज्यातील तुरुंगात, बंदिवानांवर, याचा शोध घेण्यात आला. अशा बंदिवानांवरील प्रयोगांच्या नैतिकतेविषयी पुढे गंभीर प्रश्न उपस्थित झाले. औषध न मानवणाऱ्या माणसाच्या पेशींना किरणोत्सर्गी क्रोमियमची खूण करून त्या निरोगी माणसाच्या रक्तात सोडल्या व त्याला प्रायमाक्विन दिले. खुणेच्या पेशी फुटल्या. त्याच्या स्वतःच्या शाबूत राहिल्या. दोष पेशीतच होता. 1956 साली कार्सन, आल्व्हिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो जी-6-पीडीच्या उणिवेत असल्याचे दाखविले.

ही उणीव आनुवंशिक असून क्ष गुणसूत्रावरून येते. म्हणून ती पुरुषांत अधिक प्रकट होते. एरवी असा माणूस धडधाकट असतो. भारतात निरनिराळ्या समाजांत तिचे प्रमाण भिन्न आहे. पारशी समाजात व काही आदिवासी जमातींत ती तुलनेने अधिक आढळते.

रक्ताच्या थेंबातील विकराची क्रियाशीलता तपासून हा दोष आधीच ओळखता येतो. मात्र परीक्षेची वेळही महत्त्वाची आहे. नुकत्याच पेशी फुटल्या असतील, तर शिदोरी संपत आलेल्या वृद्ध पेशी आधी गेलेल्या असतात. उरलेल्या तरुण पेशींत विकर बरे असते आणि परीक्षा फसवे समाधान देते.

व्हायवॅक्स जातीचा हिवताप यकृतात दडून पुन्हा उलटतो. त्या दडलेल्या जंतूंचा नाश प्रायमाक्विन करते. त्यामुळे भीतीपोटी ते सरसकट टाळणे योग्य नाही आणि डोळे मिटून देणेही योग्य नाही. औषधापूर्वी घेतलेला रक्ताचा एक थेंब वैद्याला सावध करतो, आणि तेवढ्याने एखाद्याचा जीव वाचतो.