धनी गेला, माणूस कुणाच्या वाट्याला?

छत्रपती संभाजीनगरातला भडकल दरवाजा ज्याने उभारला, तो माणूस लहानपणी लाल समुद्राकाठच्या मोखा बंदरात वीस डुकाटांना विकला गेला होता. ही किंमत पीटर व्हान डेन ब्रूक या डच व्यापाऱ्याने नोंदवून ठेवली आहे. 1617 मध्ये तो मलिक अंबरला प्रत्यक्ष भेटला होता. तोवर अंबर निजामशाहीचा कर्ताकरविता झालेला होता, त्याने 1610 मध्ये खडकी, म्हणजे आजचे हेच शहर, वसवली होती आणि मोगलांवरच्या विजयाची खूण म्हणून 1612 मध्ये भडकल दरवाजाही बांधून झाला होता. आपल्या शहराचा पाया एका विकल्या गेलेल्या माणसाने घातला, हे इथल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. मला मात्र त्याच्या आयुष्यातला एक मधला प्रसंग जास्त महत्त्वाचा वाटतो. अंबरचा धनी मेला, तेव्हा त्याचे काय झाले? गुलाम ही मालमत्ता असेल, तर धन्याच्या मरणानंतर तिचीही वाटणी होणार. जिथे जिथे माणसे बाळगली गेली, तिथे तिथे हा प्रश्न उभा राहिला आणि प्रत्येक समाजाने त्याला आपापले उत्तर दिले.

अंबरचा जन्म 1548 च्या सुमारास हबसाणात, म्हणजे आजच्या इथिओपियात झाला. मूळ नाव चापू. हातोहात विकला जात तो बगदादच्या मीर कासिमकडे पोचला. त्याने मुलाची हुशारी पाहून त्याला शिकवले आणि अंबर हे नाव दिले. पुढे दख्खनमध्ये त्याला विकत घेतले ते अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने. हा चंगीझखान स्वतः हबशी, कधीकाळचा गुलाम, आणि त्याच्या पदरी हजारभर हबशी गुलाम होते. 1574-75 च्या सुमारास चंगीझखान मेला. त्याच्या विधवेने अंबरला मुक्त केले. अंबरने लग्न केले, संसार थाटला, विजापूरकरांकडे चाकरी धरली, तिथे ‘मलिक’ ही पदवी मिळवली आणि 1595 च्या सुमारास दीडशे स्वारांनिशी तो पुन्हा निजामशाहीत आला.

आता याच्या शेजारी दुसरी एक विधवा ठेवून बघा. अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांना वडील वारले तेव्हा, वयाच्या अकराव्या वर्षी, वारशात दहा गुलाम मिळाले होते. 1799 मध्ये ते वारले, त्या वर्षी त्यांच्या माउंट व्हर्नन या इस्टेटीवर 317 गुलाम होते. त्यांतले 123 वॉशिंग्टन यांचे स्वतःचे. 153 जण पत्नी मार्था हिच्या पहिल्या नवऱ्याच्या, म्हणजे कस्टिस घराण्याच्या, मिळकतीतले. उरलेले भाड्याने आणलेले. वॉशिंग्टन यांनी मृत्युपत्रात लिहिले की माझे गुलाम मार्थाच्या पश्चात मुक्त व्हावेत. विल्यम ली या जुन्या सेवकाला तेवढे लगेच स्वातंत्र्य आणि वर्षाला तीस डॉलर. मार्थाने स्वतःच्या मरणाची वाट न पाहता 1 जानेवारी 1801 रोजी त्या 123 जणांना मोकळे केले.

पण कस्टिस मिळकतीतल्या 153 जणांना मुक्त करण्याचा हक्क ना वॉशिंग्टन यांना होता, ना मार्थाला. ते पहिल्या नवऱ्याच्या वारसांचे. 1802 मध्ये मार्था गेली आणि ते तिच्या चार नातवंडांत वाटले गेले. दोन्ही गटांतल्या माणसांची आपसात लग्ने झालेली होती. नवरा स्वतंत्र झाला, बायको आणि लेकरे नातवंडांच्या हिश्श्याला गेली, अशी ताटातूट झाली. ज्या माणसाने एका देशाला स्वातंत्र्य मिळवून दिले, त्याच्या अंगणात हे घडले.

यामागे कायदा होता. माउंट व्हर्नन जिथे होते, त्या व्हर्जिनियाने 1662 मध्येच ठरवून टाकले की मूल आईच्या स्थितीचे. आई गुलाम तर मूलही गुलाम, बाप गोरा मालक असला तरी. 1705 च्या कायद्याने वारशाच्या कामी गुलाम स्थावर मिळकतीत धरले, म्हणजे जमीनजुमल्याच्या रांगेत. त्यामुळे धन्यालाच आपल्या पोटच्या लेकराचा मालक होता येऊ लागले आणि त्याच्या मृत्यूनंतर ते लेकरू सावत्र भावंडांच्या वाटणीत येऊ लागले. अमेरिकेचे आणखी एक राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांच्या सासऱ्याच्या इस्टेटीतून त्यांच्याकडे 135 गुलाम आले. त्यांत सॅली हेमिंग्ज होती, जेफरसन यांच्या पत्नीची सावत्र बहीण. जेफरसन कर्जात वारले आणि 1827 मध्ये त्यांच्या मॉन्टिसेलो या इस्टेटीवर लिलाव झाला. फर्निचर, जनावरे आणि 130 माणसे.

दख्खनची व्यवस्था इथे वेगळी पडते. इस्लामी कायद्यानुसार धन्यापासून मूल झालेली दासी विकता येत नसे, धनी मेला की ती मुक्त होई आणि तिचे मूल जन्मतःच स्वतंत्र असे. हबशी गुलामांचे प्रयोजनही निराळे होते. दरबारात दखनी आणि परदेशी उमरावांचे हाडवैर. ज्याला गाव नाही, गोत नाही, भाऊबंद नाहीत, असा शिपाई धन्याशी इमान राखील, म्हणून हबशी आणले जात. रिचर्ड ईटन या इतिहासकाराने दाखवले आहे की इथली लष्करी गुलामी बहुतेक एका पिढीपुरती टिके. धनी गेला की गुलाम मोकळा शिपाईगडी होई आणि त्याची मुले उमरावांत मिसळत. अंबरचा मुलगा फतेहखान याला तर निजामशाहीची पेशवाईच वारशाने मिळाली. 1626 मध्ये अंबर वारल्यावर फतेहखानाने खडकीला ‘फतेहनगर’ नाव दिले. पण बापाने पाव शतक ज्या मोगलांना झुंजवले, त्यांच्याच हाती त्याने 1633 मध्ये दौलताबाद दिला.

जो माणूस स्वतः हातोहात विकला गेला, त्याने कुणब्याच्या वारशाला आधार दिला, ही गोष्ट मला भडकल दरवाजाहून मोठी वाटते. मलिक अंबरच्या जमाबंदीत मक्तेदारीने वसुली बंद झाली, गावाशी थेट ठराव होऊ लागला आणि मिरासदाराचा जमिनीवरचा वंशपरंपरेचा हक्क मान्य झाला. मराठी मुलखातल्या पुढच्या महसूल व्यवस्थेवर तिची छाप राहिली.

तरीही दख्खनची गुलामी सौम्य होती, असे म्हणून हात झटकणे मला मान्य नाही. अंबर वर चढला तो तलवारीच्या जोरावर, आणि तलवार पुरुषाच्या हाती होती. इंग्रज व्यापारी विल्यम फिंच याने 1610 च्या सुमारास अंबरच्या फौजेत त्याच्या जातीचे दहा हजार हबशी असल्याचे लिहिले आहे. या दहा हजारांतल्या किती जणांचे नाव आज आपल्याला घेता येते? आणि बाईचे तर विचारूच नका.

पेशवाईतली कुणबीण आठवा. दुष्काळात पोटासाठी विकलेली पोर, लुटीत धरून आणलेली बाई, व्यभिचाराचा आरोप ठेवून सरकारने बटीक केलेली बाई, या सगळ्या कुणबिणी. त्या सरकारी कोठीत, किल्ल्यावर, वाड्यात दळण-कांडण, शेण-गोठा, पाणी भरणे अशा कामांना जुंपलेल्या. त्यांची खरेदी-विक्री होई, त्यावर जकात घेतली जाई. मुलीच्या लग्नात भांडीकुंडी, गाय यांच्याबरोबर कुणबीणही आंदण जाई. म्हणजे ती मुलगी सासरी नांदायला जाताना आणखी एका बाईचे आयुष्य सोबत नेत असे. कुणबीण म्हातारी झाली, तर बदली बाई किंवा पैसे देऊन सुटका मागता येई. ही सवड कागदावर दयाळू दिसते, पण आपल्या जागी दुसरी कुणबीण उभी करणे ही त्या सुटकेची किंमत होती.

कुणबिणीच्या पोटी धन्याचा मुलगा झाला तर तो लेकावळा. तो घरात वाढे, धन्याच्या घोड्यामागे चाले, मात्र सरदारीचा वाटा औरस मुलांचा. धर्मशास्त्रानेही इथे वर्ण पाहूनच माप दिले आहे. याज्ञवल्क्य स्मृती आणि तिच्यावरच्या मिताक्षरेप्रमाणे शूद्राच्या दासीपुत्राला बापाच्या इच्छेने हिस्सा मिळे, बापामागे औरस भावांनी त्याला अर्धा भाग द्यावा. वरच्या तीन वर्णांत मात्र दासीपुत्राला पोटगीपुरते. व्हर्जिनियातल्यासारखे त्याला विकायला काढत नव्हते, एवढा फरक आहे आणि तो लहान नाही. पण त्याच्या आईला कसलाच वाटा नव्हता.

कंपनी सरकारने 1843 चा पाचवा कायदा केला. चारच कलमे. माणसावरचा मालकी हक्क कोणत्याही कोर्टात चालणार नाही, हे त्याचे सार. त्यात वारशाचीही खास तरतूद होती: कोणी गुलाम होता किंवा ज्याच्याकडून मिळकत आली तो गुलाम होता, एवढ्या कारणाने कोणाला कमाईच्या किंवा वारशाच्या मिळकतीतून बेदखल करता येणार नाही. 1860 च्या दंड संहितेने माणसाची खरेदी-विक्री गुन्हा ठरवली. औरंगाबाद, म्हणजे हेच शहर, तेव्हा हैदराबादच्या निजामाच्या मुलखात, म्हणून कंपनीचा 1843 चा तो कायदा इथल्या वाड्यांना लागू नव्हता.

महात्मा फुले यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या त्या लोकांना अर्पण केली, ज्यांनी काळ्या माणसांना दास्यातून सोडवले. त्यांना समुद्रापलीकडची गुलामी आणि घरातली गुलामी एकाच नजरेने दिसत होती. आज मलिक अंबरचा अभिमान बाळगताना ती नजर आपल्याला हवी आहे. खुलताबादला त्याची कबर आहे, तिथे जरूर जावे. पण कुणबिणींच्या कबरी नाहीत आणि समाध्याही नाहीत. त्यांचा माग फक्त कागदांत आहे.

माउंट व्हर्ननच्या गुलामांची नावे आज वाचता येतात, कारण वॉशिंग्टन यांनी त्यांची यादी करून ठेवली होती आणि पुढच्यांनी ती जपली. मराठवाड्यातल्या जुन्या देशमुख-देशपांड्यांच्या वाड्यांत, माळ्यावरच्या पेट्यांत मोडी कागद अजूनही पडून आहेत. आंदणाच्या याद्या, वाटणीपत्रे, खर्चाच्या वह्या. तुमच्या घरी असे दप्तर असेल तर ते रद्दीत घालू नका, वाळवीच्या तोंडीही देऊ नका. मोडी वाचणाऱ्याकडून ते वाचून घ्या आणि त्यात एखाद्या कुणबिणीचे नाव सापडले, तर तेही घराण्याच्या इतिहासात लिहा.