"घरात किती माणसं?" समाजशास्त्र शिकून नक्की काय येतं

एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आलाय. "ताई, मला लोकांसाठी काम करायचंय. पण समाजशास्त्र घेतलं तर पुढे काय, असं घरचे विचारतात." आज त्याचंच उत्तर. पण आधी माझी एक चूक सांगते.

बीकॉम झाल्यावर मी एका संस्थेसाठी सर्व्हे करत होते. वादळात गावातल्या घरांचे पत्रे उडाले होते आणि प्रत्येक कुटुंबाला धान्याचं किट मिळणार होतं. एका दारात आजोबा बसले होते. विचारलं, "कुटुंबात किती माणसं?" म्हणाले, "आम्ही पाच." लिहिलं, पुढे गेले.

त्याच घराच्या मागच्या पडवीत त्यांची मुलगी दोन लेकरांना घेऊन राहत होती. नवऱ्याने टाकलेली. आजोबांच्या लेखी ती 'दिल्या घरची', आणि सासरच्यांनी तर तिला कधीच वगळलेलं. वाटपाच्या दिवशी ती रांगेत उभी राहिली आणि यादीत नाव नाही म्हणून परत गेली. दुसऱ्या दिवशी मी किट नेऊन दिलं, पण सगळ्या गावासमोर तिला मान खाली घालून जावं लागलं, ते काही मला परत घेता आलं नाही.

आजोबा खोटं बोलले नव्हते. माझा प्रश्नच चुकला होता. "इथे चुली किती?" असं विचारलं असतं, तर ती लगेच दिसली असती.

पुढे एमएला समाजशास्त्र घेतलं तेव्हा कळलं, की आपल्या जनगणनेतही घर मोजताना एकत्र राहून एकाच स्वयंपाकघरात जेवणारी माणसं एकत्र धरतात. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधल्या इरावती कर्वे यांनी तर भारतभरच्या नातेसंबंधांवर १९५३ साली अख्खा ग्रंथ लिहिला. 'कुटुंब' हा शब्द वाटतो तितका सोपा नाही, तो असा.

समाजशास्त्र आपल्याला विचारायला लावतं, की या यादीतून कोण सुटतंय आणि का? मानवशास्त्र सांगतं, की फॉर्म बाजूला ठेव, माणसांत राहा, बघ, ऐक. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये 'सर्च' ही संस्था सुरू केली. आदिवासींना दवाखान्याची भीती वाटते, हे त्यांनी लोकांकडूनच ऐकलं. मग दवाखाना झोपड्यांसारखा बांधला, नातेवाइकांना सोबत राहायची सोय केली आणि नाव दिलं लोकांच्या देवीचं, दंतेश्वरीचं. औषधाआधी ऐकणं आलं, ते असं.

आता नोकरीचं. खरं सांगते, नुसत्या बीएवर अडतं. रुग्णालयातले समाजसेवक, समुपदेशक, बालसंरक्षणाची कामं, अशा बऱ्याच जागांना एमएसडब्ल्यू मागतात. बीए समाजशास्त्र आणि मग एमएसडब्ल्यू, ही वाट चांगली. मुंबईत हे शिक्षण १९३६ पासून मिळतंय. तेव्हा सुरू झालेली संस्था म्हणजे आजची 'टिस'. तिथे वर्गाइतकंच फील्डवर्क महत्त्वाचं, कारण माझ्यासारख्या चुका शिकतानाच झालेल्या बऱ्या.

तोवर एक करा. आपल्याच गल्लीत, चाळीत, वाडीत फिरा आणि बघा, कुठल्या यादीत कोण नाही? सापडलं की व्हॉइस मेसेज पाठवा. पुढच्या भागात त्यावरच बोलू!