‘डांबर किती लागेल?’ : एका प्रश्नाचे दोन अर्थ

रस्त्यास डांबर किती लागेल, हा प्रश्न वरकरणी गणिताचा दिसतो. परंतु त्याचे उत्तर ‘डांबर’ या शब्दाच्या अर्थावर अवलंबून असते. व्यवहारात हा शब्द दोन पदार्थांस लावला जातो. एक, खडीस धरून ठेवणारा काळा चिकट पदार्थ. आणि दुसरे, खडी, कच व तो पदार्थ यांचे रस्त्यावर अंथरावयाचे मिश्रण. इंग्रजीतील ‘अस्फाल्ट’ ही संज्ञाही अशीच द्व्यर्थी आहे.

समजा, १ किलोमीटर लांब व ३.७५ मीटर रुंद रस्त्यावर ५० मिलिमीटर जाडीचा थर द्यावयाचा आहे. लांबी, रुंदी व जाडी यांचा गुणाकार १८७.५ घनमीटर येतो. ही जाडी रोलर फिरल्यानंतरची असल्यामुळे घनताही दाबलेल्या मिश्रणाचीच घेतली पाहिजे. सैल मिश्रणाची घेतल्यास माल कमी पडतो. दर घनमीटरास सुमारे २.४ टन धरल्यास मिश्रण ४५० टन लागेल. त्यात वजनाने ५ टक्के निव्वळ डांबर असेल, तर ते २२.५ टन भरते. वाया जाणाऱ्या मालाची तरतूद निराळी.

दोन्ही उत्तरे बरोबर असून त्यांत वीस पटींचे अंतर आहे. निव्वळ डांबराचा दर मिश्रणाच्या वजनास लावला, तर खर्च अवास्तव फुगतो. उलट केल्यास अंदाजपत्रक तोकडे पडते. आकडेमोड पडताळून ही चूक सापडत नाही, कारण आकडेमोड निर्दोषच असते. यास्तव अंदाजपत्रकात ‘निव्वळ डांबर’ व ‘डांबरी मिश्रण’ या संज्ञा कटाक्षाने वेगळ्या ठेवणे अगत्याचे आहे.