सरपणाचा व्यवसाय : मशीन मोठे की हिशेब मोठा?

इगतपुरी तालुक्यात दिवाळी सरली की सरपणाची कामे निघतात. येथे वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. या काळात उघड्यावरचे लाकूड वाळणे शक्य नसते. म्हणून तोडायचे, फोडायचे आणि वाळवायचे ते हिवाळ्यात व उन्हाळ्यातच. पूर्वी हे काम कुऱ्हाड, पाचर आणि दोघांनी ओढायच्या करवतीवर चाले. आता पेट्रोलवर चालणारे कटर मशीन, म्हणजेच चेन सॉ, खेड्यापाड्यांत पोहोचले आहे. बांधावरचे झाड घरच्या चुलीसाठी तोडणारा शेतकरी असो, वखारवाला असो किंवा झाडे तोडून देण्याची मक्तेदारी घेणारा तरुण असो, प्रत्येकाला त्याचे आकर्षण वाटते.

आकर्षण वाटणे चुकीचे नाही. अडचण पुढे येते. दुकानात लहान आणि मोठे मशीन शेजारी ठेवलेले दिसले की बहुतेकांचे मन मोठ्याकडे धावते. बाजारात ५८ सीसीचे इंजिन आणि २२ इंची पट्टी असलेली स्वस्त मशीनही मिळतात. “घ्यायचेच तर मोठे घेऊ, जास्त काम होईल” असे म्हणून अनेकजण हप्त्यावर मशीन उचलतात. सरपणाच्या कामात हे म्हणणे खरे ठरते का, हे रुपये मोजण्याआधी तपासून पाहिले पाहिजे.

मशीनचे काम कसे चालते?

लहानसे टू-स्ट्रोक इंजिन एक दातेरी साखळी लोखंडी पट्टीभोवती वेगाने फिरवते. प्रत्येक दाता लाकडाची एक ढलपी उचलून बाहेर फेकतो. इंजिनाचा आकार सीसीमध्ये आणि पट्टीची लांबी इंचांत सांगतात. ३० ते ३५ सीसीचे मशीन सुमारे ४ किलोचे असते आणि त्याला १४ ते १६ इंची पट्टी चालते. ४५ ते ५५ सीसीचे मशीन ५ किलोच्या आसपास भरते. ७० सीसीच्या पुढे वजन ६ किलोवर जाते. ९० ते १२० सीसीची मशीन ७ ते १० किलोंची असतात. ती मोठमोठी झाडे पाडणाऱ्यांसाठी बनवलेली आहेत. ही वजने पट्टी, साखळी आणि पेट्रोल सोडून आहेत. तिन्ही मिळवली की हातावर येणारा भार आणखी वाढतो.

या यंत्राचा इतिहासही बोधप्रद आहे. जर्मनीतील स्टिल कंपनीने १९२९ साली काढलेले पेट्रोलवरचे मशीन ४६ किलोचे होते आणि ते चालवायला दोन माणसे लागत. १९५० साली एकट्याने चालवण्याचे मशीन आले, तेही सुमारे १६ किलोचे होते. म्हणजे कारखानदारांनी आपली सारी बुद्धी वजन कमी करण्यासाठी खर्च केली. आपण मात्र वजन वाढवून घ्यायला निघतो.

एका टनाचा हिशेब

समजा, ८ इंच जाडीचे ओंडके आहेत आणि त्यांचे सव्वा फुटी तुकडे करायचे आहेत. असा ओला तुकडा सुमारे १२ किलोचा भरतो. म्हणजे एक टन लाकडासाठी साधारण ८० काप घ्यावे लागतील. लहान मशीनला एका कापास १० सेकंद लागतात असे धरू. एकूण ८०० सेकंद झाले, म्हणजे सव्वातेरा मिनिटे. दुप्पट ताकदीच्या मशीनला ५ सेकंद लागतील, म्हणजे पावणेसात मिनिटे. टनामागे वाचली साडेसहा मिनिटे!

आता उरलेले काम पाहा. तेच ८० तुकडे कुऱ्हाडीने फोडणे, बांधावरून टेम्पोपर्यंत वाहणे आणि रचणे यात अर्धा दिवस सहज जातो. मोठे मशीन हे काम एका मिनिटानेही कमी करत नाही. उलट ते चालवणारा माणूस लवकर थकतो, आणि तासाभरात पेट्रोलही जास्त जाते. टनामागे वेळ कुठे जातो ते पाहून पैसा तिथे घालावा. चांगली पाचर, जड घण, हातगाडी किंवा एक जादा मजूर यांवर केलेला खर्च सरपणाच्या कामात लवकर वसूल होतो.

मोठे मशीन कुठे लागते? जिथे दीड-दोन फूट जाडीचे बुंधे रोजच्या रोज कापायचे आहेत तिथे. जाडी दुप्पट झाली की कापायचे क्षेत्र चौपट होते, आणि तिथे लहान इंजिन दमते. महिन्यातून एखादाच असा बुंधा येत असेल, तर तेवढ्यापुरते मशीन भाड्याने आणणे परवडते.

धार हीच ताकद

मशीन मागे पडते असे वाटले तर आधी साखळी पाहावी. कापताना जाड ढलप्या पडत असतील तर धार ठीक आहे. पिठासारखा भुसा पडू लागला की धार गेली असे समजावे. साखळी एकदा मातीला किंवा दगडाला लागली तरी धार बसते. बोथट साखळीचे मोठे मशीन धारदार साखळीच्या लहान मशीनपुढे हरते. साखळीच्या मापाची गोल कानस घेऊन प्रत्येक दात्याला सारखेच हात मारावेत. पेट्रोलची टाकी भरताना हे काम केले की सवय लागते. पेट्रोलमध्ये टू-टी तेल कंपनीने सांगितलेल्या प्रमाणातच मिसळावे, आणि साखळीच्या तेलाची टाकी कधीही कोरडी पडू देऊ नये.

उलटा झटका

फिरत्या पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला, की मशीन क्षणात उसळून चालवणाऱ्याच्या तोंडावर किंवा मानेवर येते. सावध व्हायलाही वेळ मिळत नाही. इंजिनाची ताकद जितकी जास्त, तितका झटका जोरदार. म्हणून मशीन दोन्ही हातांनी, अंगठा मुठीभोवती आवळून धरावे. ते खांद्याच्या वर उचलू नये आणि टोकाने कापू नये. मशीन घेताना चेन ब्रेक नीट लागतो की नाही हे दुकानातच पाहावे. डोळ्यांवर चष्मा, कानांना झाकण, पायांत जाड बूट हवेत आणि जवळ दुसरा माणूस हवा. लुंगी, मफलर, लोंबता रुमाल अशा वेशात मशीन सुरू करू नये.

लाकूड कुणाचे?

या व्यवसायात सर्वांत मोठी ठोकर कायद्यात बसते. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड नियमन कायद्याने काही जाती अनुसूचित ठरवल्या आहेत. त्यात साग, ऐन, हिरडा, मोह, आंबा, फणस, जांभूळ, चिंच, खैर, अंजन, किंजळ यांचा समावेश होतो. ही झाडे स्वतःच्या सातबाऱ्यावरची असली तरी लेखी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. इगतपुरी नगरपरिषदेच्या हद्दीत झाड तोडायचे असेल, तर शहरी भागासाठीच्या १९७५ च्या कायद्यानुसार नगरपरिषदेची परवानगी लागते. तालुक्यात आदिवासी शेतकरी मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्या जमिनीवरील झाडांच्या विक्रीसाठी १९६९ चा स्वतंत्र कायदा आहे, त्यामुळे असे सौदे परस्पर करू नयेत. लाकूड रस्त्याने नेण्यासाठी वाहतूक पास लागतो का, हेही वन परिक्षेत्र कार्यालयात आधी विचारावे. भारतीय वन अधिनियम, १९२७ प्रमाणे वनगुन्ह्यात लाकडाबरोबर हत्यारे आणि वाहनही जप्त होते. म्हणजे हप्त्यावरचे मशीन आणि भाड्याचा टेम्पो दोन्ही एका दिवसात हातचे जातात आणि हप्ते मात्र चालू राहतात.

अनुसूचित नसलेल्या सुबाभूळ, निलगिरी, बाभूळ अशा झाडांवर हा व्यवसाय उभा करणे सोयीचे. त्यांपैकी बाभळीचे जळण दणकट असते. सुबाभूळ तोडल्यावर पुन्हा फुटते, त्यामुळे बांधावर लावली तर तोड चालू राहते.

ओले लाकूड, पाण्याचे पैसे

ताज्या लाकडाच्या वजनात ४० ते ५० टक्के पाणी असू शकते. ४५ टक्के पाणी असलेले एक टन लाकूड घेतले, तर २० टक्क्यांपर्यंत वाळल्यावर ते सुमारे ६९० किलो भरेल. वजनावर ओला माल घेणाऱ्याने ही घट भावात धरली नाही तर नफा तिथेच उडून जातो. लाकूड डिसेंबरपर्यंत तोडून लगेच फोडावे, जमिनीपासून उंच आणि हवेशीर रचावे. मेअखेर ते छपराखाली गेले पाहिजे.

गिऱ्हाईक किती टिकेल?

२०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाल्यापासून खेड्यांतही गॅस पोहोचला आहे. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये मुंबईतील लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्याचा आदेश दिला. म्हणजे मोठ्या शहरातील मागणी आटत जाणार. राहतील ती घरगुती चुलीची गरज, लग्नाकार्यातील देगा, आणि अधूनमधून ढाबे.

ढाबेवाला भाव कसा ठरवील, हेही समजून घ्यावे. ढोबळ हिशेबाने १९ किलोच्या गॅस सिलिंडरइतके काम करायला साध्या चुलीत सव्वादोनशे ते अडीचशे किलो कोरडे लाकूड लागते. एवढे लाकूड घरपोच देण्याचा आपला दर सिलिंडरच्या दराला टेकला, की गिऱ्हाईक गॅसकडे जाणार. तुमच्या भावाची वरची मर्यादा हीच. ओले लाकूड दिले तर ती आणखी खाली येते.

मशीन घेण्यापूर्वी एका कागदावर चार गोष्टी लिहाव्यात : हंगामात किती टन लाकूड कायदेशीर मार्गाने मिळेल, त्याची सरासरी जाडी किती, फोडायला व वाहायला माणसे किती, आणि वाळलेला माल कोण घेणार. लाकूड फूटभर जाडीच्या आतले असेल तर ३५ ते ४५ सीसीचे, दुरुस्ती आणि सुटे भाग नाशिकमध्ये मिळतील असे मशीन पुरते. उरलेले पैसे छपरात घालावेत. इगतपुरीच्या पावसात सरपणवाल्याचे भांडवल छपरामुळेच वाचते.