बी केव्हा टाकावे?

संक्रांतीचे तिळगूळ संपले, परसातली मेथी निबर झाली आणि मटाराच्या वेली पिवळ्या पडू लागल्या, की इंदूरच्या मराठी घरांतून एक प्रश्न दरसाल निघतो. मोकळ्या झालेल्या जागेत दुधी, गिलकी, कारली, काकडी, भेंडी यांचे बी टाकायचे ते नेमके केव्हा? प्रश्न साधा, पण उत्तरे मात्र माणसागणिक वेगळी. कोणी म्हणते वसंतपंचमीला टाका, मुहूर्त चांगला असतो. कोणी सांगते महाशिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ करीत निघून जाते, त्यानंतर टाका. कोणी होळीच्या आधी बोलायलाच तयार नसते. होळी जळाली की थंडी पळाली, हे त्यांचे शास्त्र. बियांच्या पुडीवर ‘फेब्रुवारी ते मार्च’ असे छापलेले असते. सारा हिंदुस्थान डोळ्यांपुढे ठेवून छापलेल्या त्या ओळीतून रामबागेतल्या किंवा सुदामानगरातल्या चार हात परसाला काय बोध व्हावा?

पंधरा दिवस इकडे की तिकडे, त्यात काय मोठेसे, असे कोणी म्हणेल. पण माळव्यातला वसंत फार थोड्या दिवसांचा पाहुणा असतो. जानेवारीत इंदूरच्या रात्री दहा अंश सेल्सिअसच्या आसपास उतरतात आणि एखाद्या वर्षी हरभऱ्यावर पालाही पडतो. मार्चअखेर दुपारचा पारा पस्तिशीला टेकलेला असतो. मे महिन्यात तो चाळीस गाठतो. या दोन टोकांच्या मधल्या चिंचोळ्या वाटेतून वेलाला वर यायचे असते.

बी लवकर टाकले तर काय होते? आपली काळी माती ओल धरून बसते, आणि ओली काळी माती लवकर तापत नाही. थंड, ओल्या मातीत बी पाणी पिऊन फुगते, पण कोंब काढण्याइतकी ऊब त्याला मिळत नाही. काकडी आणि भेंडी यांना सोळा अंशांच्या खाली रुजणे जवळजवळ अशक्य. पंचवीस ते तीस अंश लाभले तर बी चार-सहा दिवसांत वर येते. मधल्या काळात बुरशी आपले काम करते, आणि दोन आठवड्यांनी आळे उकरून पाहावे तर हाती कुजलेली टरफले येतात.

उशीर केला तर बी झटपट उगवते. पण वेलभाज्यांची एक खोड आहे. दुधी, काकडी, कारली, गिलकी यांच्या एकाच वेलावर नर फुले निराळी आणि मादी फुले निराळी येतात. हवा सौम्य आणि दिवस लहान असला की मादी फुलांचे प्रमाण वाढते. ऊन कडक आणि दिवस मोठा झाला की नर फुलेच अधिक येतात. ‘वेल फुलांनी भरला आहे हो, पण एक फळ धरेल तर शपथ,’ अशी तक्रार मे महिन्यात बायकांच्या तोंडी असते, तिचे मूळ पुष्कळदा फेब्रुवारीत हुकलेल्या मुहूर्तात सापडते. शिवाय पाण्याचा हिशेब आहेच. फेब्रुवारीच्या मध्याला लावलेला वेल एप्रिलच्या मध्याला फळ देऊ लागतो. महिनाभर उशिरा लावलेल्याला ऐन मेमध्ये जगवावे लागते, आणि पाऊस तर जूनच्या दुसऱ्या पंधरवड्याआधी येत नाही. १९७८ साली नर्मदेचे पाणी सत्तर किलोमीटरांवरच्या जलूदहून चढून इंदुरात आले खरे, पण उन्हाळ्यात ते परसात किती ओतावे याला प्रत्येक घरी मर्यादा असते.

त्यातून बी घरचे असले तर गोष्ट अधिकच नाजूक. काही घरांत दुधीचे किंवा गिलकीचे बी सासूकडून सुनेकडे, माहेराहून सासरी असे पुरचुंडीतून आलेले असते. लावणारी माणसे गेली, वाडा पडून तिथे इमारत उभी राहिली, पण बी दरसाल जपून ठेवलेले. असे पंधरा-वीस दाणेच हाताशी असले तर चुकीच्या दिवशी सगळेच मातीत घालून चालत नाही. ते वाण बाजारात मिळेलच याचा भरवसा नसतो.

तेव्हा पंचांग काय सांगते ते पाहू. इथे पहिली अडचण अस्सल इंदुरी आहे. भाजीवाली किंवा माळीबाबा आपुलकीने सांगतात, ‘फागुन लगते ही बीज डाल देना, बाई.’ बाई घरात येऊन भिंतीवरच्या दिनदर्शिकेत पाहतात, तो तिथे माघ वद्य चालू! दोघांचेही बरोबरच असते. माळव्यातल्या आपल्या शेजाऱ्यांचा महिना पौर्णिमेला संपतो आणि आपला अमावास्येला. म्हणजे त्यांचा फाल्गुन आपल्यापेक्षा पंधरवडाभर आधी लागतो. महाशिवरात्र दोघांची एकाच दिवशी, पण आपल्याकडे ती माघातली आणि त्यांच्याकडे फाल्गुनातली. पिढ्यान्‌पिढ्या एका भिंतीआड राहिलेल्या माणसांतही हा पंधरा दिवसांचा फरक मुकाट्याने नांदतो. आणि तो नेमका वेलाच्या आळ्यात येऊन नडतो.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान. ही तूट अधिक मासाने भरून निघते. त्यामुळे आपले सण इंग्रजी तारखांच्या मानाने पुढेमागे सरकत राहतात. वसंतपंचमी २०२३ साली २६ जानेवारीला आली, तर मधे अधिक श्रावण पडून गेल्यामुळे २०२४ साली ती १४ फेब्रुवारीला आली. ‘फागुन लागला’ हेच घ्या. २०२३ साली शेजाऱ्यांचा फागुन लागला तो ६ फेब्रुवारीला. २०२४ साली आपला फाल्गुन लागला तो ११ मार्चला. शब्द एकच, आणि अंतर महिन्याहून अधिक! होळी २०२४ साली २४ मार्चला होती. त्या वर्षी होळी जळेपर्यंत हात बांधून बसलेल्याच्या वेलाला सौम्य हवा जवळजवळ मिळालीच नसणार.

मग पंचांग टाकून द्यायचे काय? मुळीच नाही. त्याचा निराळा रकाना पाहायचा. आपला शेतकरी पावसाची वाट तिथीवर पाहत नाही, नक्षत्रावर पाहतो. आणि ते नक्षत्र चंद्राचे नसून सूर्याचे असते. म्हणूनच मृग दरसाल ७-८ जूनलाच लागतो, मग ज्येष्ठ लवकर येवो की उशिरा. उपासाला आणि सणाला चंद्र, पण मातीच्या कामाला सूर्य, ही वाटणी फार जुनी आणि फार शहाणपणाची आहे. परसातल्या भाजीला मात्र आपण सणांच्या हवाली केले. वास्तविक मकरसंक्रांतीनंतर महिनाभराने, १२-१३ फेब्रुवारीला, सूर्य कुंभ राशीत जातो. त्या सुमारास, ६ ते १९ फेब्रुवारीपर्यंत, सूर्याचे धनिष्ठा नक्षत्र असते. या कुंभसंक्रांतीला आपण तीळगूळ वाटत नाही, पतंग उडवीत नाही. ती कोणाच्या ध्यानीमनी नसताना येऊन जाते. पण माझ्या मते इंदूरच्या वेलभाजीचा मुहूर्त हाच. दिवस उबदार, रात्री सौम्य आणि पुढे कडक उन्हाला दीड-दोन महिने शिल्लक. २२ मार्च १९५७ पासून सरकारने चालू केलेले राष्ट्रीय पंचांगही सौरच आहे. त्यातला माघ दरसाल २१ जानेवारीला लागतो आणि १९ फेब्रुवारीला संपतो. त्या माघाची अखेर, असेही म्हणता येईल.

अर्थात हा मुहूर्त इंदूरचा, सगळ्या होळकरशाहीचा नव्हे. घाट उतरून महेश्वर-मंडलेश्वरकडे गेले की आपण चारशे मीटरच्या आसपास खाली येतो, आणि तेवढ्याने हवेत दोन-अडीच अंशांचा फरक पडतो. निमाडात नदीच्या वाळूत टरबूज-खरबुजाची लागवड होते ती आपण स्वेटर घालून बसलेले असतानाच, कारण वाळू दिवसा चटकन तापते. तिकडचे आप्त फोनवर ‘आमचे वेल वर आले’ असे सांगू लागले की इकडच्या माणसाला चुळबूळ सुटते. ती आवरावी. निमाडाची तारीख निमाडाला.

शिवाय सूर्य दरसाल वेळेवर येतो, पण हवा येतेच असे नाही. एखाद्या वर्षी फेब्रुवारीत मावठा पडतो, थंडी पुन्हा फिरते. तारीख हाती आली तरी घरातल्या खुणा पाहिल्यावाचून बी टाकू नये. माझ्या मते सर्वांत विश्वासू खूण म्हणजे खोबरेल तेलाची बाटली. खोबरेल सुमारे २४ अंशांच्या खाली थिजते. पौष महिन्यात ते दिवसभर दगडासारखे असते. ज्या दिवसांत ते सकाळी थिजलेले आणि दुपारी आपोआप पातळ झालेले दिसते, ते दिवस बी टाकण्याचे. पहाटेसुद्धा पातळच राहू लागले, की उशीर झाला असे समजावे. दुसरी खूण मटकीची. कडक थंडीत तिला मोड यायला फडक्यात गुंडाळून दोन-दोन दिवस उबेला ठेवावे लागते. एका रात्रीत मोड दिसू लागले की मातीतल्या बियांनाही ती ऊब पोहोचू लागली. बाहेर सराफ्यात गराडूच्या कढया कमी होऊ लागतात, आणि शहराबाहेर पळस पेटतो. पळसाला अधिक मास ठाऊक नसतो.

आता मातीविषयी. आळे भरून पाणी द्यावे आणि वाफसा येईपर्यंत थांबावे. मूठभर माती दाबून सोडली असता गोळा झाला पाहिजे आणि बोटाने टोचताच फुटला पाहिजे. चिकटून राहिला तर अजून एक दिवस. कारल्याचे कवच टणक, त्याचे टोक किंचित खरडून बी रात्रभर भिजत घालावे. दुधी-गिलक्यालाही भिजवण्याचा फायदा होतो.

खत मात्र आयत्या वेळी मिळत नाही, आणि या बाबतीत इंदूरने जगाला धडा दिला आहे. १९२४ साली होळकर संस्थानाने दिलेल्या जमिनीवर इथे इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री उभी राहिली. १९३१ पर्यंत तिचे संचालक असलेले अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी पालापाचोळा, शेण, गोमूत्राची माती आणि राख यांचे थर रचून खत करण्याची जी रीत बसवली, ती ‘इंदूर पद्धत’ या नावानेच देशोदेशी गेली. दोघांचे त्यावरचे पुस्तक १९३१ साली निघाले. या रीतीने ढीग तीन वेळा उलथावा लागतो आणि खत तयार व्हायला सुमारे तीन महिने लागतात. म्हणजे कुंभसंक्रांतीला खत हवे असेल तर ढीग तुळशीच्या लग्नाच्या सुमारास रचलेला पाहिजे. बी केव्हा टाकावे याचे निम्मे उत्तर असे तीन महिने आधीच द्यावे लागते.

एवढे सगळे पाहूनही हवेचा भरवसा नाही, तेव्हा शेवटची गोष्ट सांगतो. बियांचे चार वाटे करावेत. पहिला धनिष्ठा लागताच, म्हणजे ६ फेब्रुवारीच्या सुमारास; दुसरा कुंभसंक्रांतीला; तिसरा त्यानंतर आठ-दहा दिवसांनी. थंडी फिरली तर पहिला जाईल, उन्हाळा लवकर आला तर तिसरा जाईल. तिन्ही एकदम जाण्याची वेळ सहसा येत नाही. रंगपंचमीची गेर पाहून घरी येईपर्यंत एखादा वेल तरी मांडवाला हात घालण्याइतका वाढलेला असतो. आणि चौथा वाटा, घरचे बी असेल तर विशेषच, पुरचुंडीत बांधून फडताळात परत ठेवावा. तो या वर्षाचा नाही.